सात तांब्यांत जगणारा चाफा

म्हशाची यात्रा संपली की आमच्या भागात पाण्याची चर्चा सुरू होते. पौष पौर्णिमेला सुरू होणारी ही यात्रा बैलांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी सर्वांना ठाऊक आहे. यात्रेच्या दिवसांत थंडी असते, विहिरीला पाणी असते, माणसे मजेत असतात. पुढे महिनाभरात विहिरीचा तळ दिसू लागतो आणि आमच्या बाया-बहिणी पहाटे हंडे घेऊन बाहेर पडतात.

आम्ही मुरबाड–कर्जत रस्त्याच्या बाजूची म्हशाजवळची माणसे. शेजारचा शहापूर तालुका तर धरणांचा तालुका. तानसा, मोडकसागर, भातसा ही नावे मुंबईतल्या नळाला पाणी येते म्हणून मुंबईकरांनाही माहीत आहेत. तानसा धरणाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते. पण त्याच शहापूर तालुक्यातले कितीतरी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात. पावसाळ्यात चार महिने दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि मार्च ते जून घसा कोरडा, असे आमचे वर्ष असते. मुरमाड, उताराच्या जमिनीत पाणी ठरत नाही. आले तसे वाहून जाते.

अशा गावात झाड लावायचे म्हणजे काय, याचा विचार आम्ही फार उशिरा केला. तो कसा केला आणि त्यातून आमच्या विहाराच्या अंगणात आज पांढरा चाफा कसा उभा आहे, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

दोनशे साठ हंडे

काही वर्षांपूर्वी 5 जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, आम्ही विहाराच्या अंगणात दहा रोपे लावली. अशोक, गुलमोहर, बकुळ, बदाम, मिळेल ते घेतले. फोटो काढले, नारळ न फोडता टाळ्या वाजवून कार्यक्रम केला, भाषणे झाली. आम्हीही बोललो. पावसाळाभर रोपे छान वाढली. आम्ही कचेरीतून एस.टी.ने परत येताना रोज वळून बघायचो आणि मनात म्हणायचो, काम झाले.

फेब्रुवारी उजाडला. रोपांना पाणी घालायचे ठरले. ठरवले आम्ही पुरुषांनी, बैठकीत. आळीपाळीने घालायचे, असेही ठरले. दोन आठवड्यांत आळी राहिली, पाळी उडाली. कोणी पाळीच्या दिवशी कामावर, कोणी लग्नाला. पाणी मात्र रोज पडत होते. कोण घालते याची आम्ही चौकशी केली नाही, कारण न केलेलीच बरी होती.

एप्रिलमध्ये आमच्या घरच्यांनी विषय काढला. जेवण वाढता वाढता म्हणाल्या, "झाडं तुम्ही लावली. पाणी आम्ही वाहतो. तुमच्या भाषणात आमचा हंडा कुठं होता?"

आम्ही बी.कॉम. झालेला माणूस. उत्तर सुचेना तेव्हा हिशेब मांडायला बसलो. एका रोपाला एक दिवसाआड पाच लिटर पाणी धरले, तर दहा रोपांना रोजचे सरासरी पंचवीस लिटर, म्हणजे दोन हंडे. 1 फेब्रुवारी ते 10 जून हे एकशे तीस दिवस. झाले दोनशे साठ हंडे. एक डोक्यावर, एक कमरेवर असे खेपेला दोन हंडे धरले तरी एकशे तीस खेपा. आमची विहीर अर्ध्या किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन एक किलोमीटर. एकशे तीस किलोमीटर! कल्याण ते मुरबाड दोन वेळा जाऊन येण्याइतके अंतर, त्यातले निम्मे भरले हंडे घेऊन. आणि हे घरचे पाणी भरून झाल्यावरचे, वरकड.

कागद आम्ही घडी करून खिशात ठेवला. ज्या समाजाने 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह केला, त्या समाजातले आम्ही आमच्याच घरातल्या बायकांच्या डोक्यावर न विचारता पाण्याचे ओझे ठेवून मोकळे झालो होतो. दुसऱ्या दिवशी बैठकीत तो कागद वाचून दाखवला. कोणी काही बोलले नाही. त्या उन्हाळ्यात दहापैकी सात रोपे गेली. बकुळीची दोन आणि बदामाचे एक तगले, तेही महिला मंडळातल्या दोघींनी भांडी विसळलेले पाणी आणून घातले म्हणून.

फूल तर हवे

झाड नकोच, असेही म्हणून चालेना. विहाराला सावली हवी आणि फूल हवे. आपल्या वंदनेत पुष्प वाहतो. फूल जसे कोमेजते तसा हा देहही जाणारा आहे, ही आठवण त्यामागे असते. पण बुद्धपौर्णिमा येते वैशाखात, ऐन उन्हाच्या तडाख्यात. तेव्हा अंगणात एक फूल नसते. मग कल्याणहून झेंडू-शेवंती आणायची, लग्नसराईचा भाव द्यायचा, आणि एस.टी.त गुदमरून फुले गावात येईपर्यंत अर्धी काळी पडायची. वर्गणीतले दोन-तीनशे रुपये असेच जायचे.

म्हणून आम्ही शोधात पडलो. कमी पाण्यात जगणारे, सुगंधी आणि वैशाखात फुलणारे झाड कोणते? उत्तर डोळ्यांपुढेच होते. गावाबाहेर एका जुन्या दर्ग्याशेजारी पांढऱ्या चाफ्याचे झाड आहे. त्याला कधी कोणी पाणी घातलेले नाही. एप्रिल-मेमध्ये अंगावर पान नसते, पण फांदीच्या प्रत्येक टोकाला फुलांचा गुच्छ असतो. संध्याकाळी एस.टी.तून उतरले की तो वास रस्त्यापर्यंत येतो. इतकी वर्षे आम्ही तो घेत होतो आणि पुढे चालू पडत होतो.

चाफा पाणी कुठून आणतो?

या चाफ्याला कोणी खुरचाफा म्हणते, कोणी खैरचाफा, कोणी देवचाफा. शास्त्रीय नाव प्लुमेरिया. चार्ल्स प्लुमिए (1646–1704) या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून ते पडले. झाड मूळचे मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचे. पोर्तुगीज-स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून ते पूर्वेकडे पसरले.

त्याची फांदी पाहा. बोटापेक्षा, कधी मनगटापेक्षा जाड, मऊ आणि रसाळ. पावसाळ्यात मिळालेले पाणी ती स्वतःत साठवून ठेवते. हिवाळा सरत आला की झाड पाने टाकून देते. पानातूनच पाणी सर्वांत जास्त उडते, म्हणून पान टाकणे हा त्याचा काटकसरीचा उपाय. नवखा माणूस त्याला वाळले समजून तोडायला निघतो. खरे तर ते झोपलेले असते. साठवलेल्या पाण्यावर उन्हाळ्यात फुले येतात आणि पाऊस आला की पाने. पगार झाल्याबरोबर न उडवता महिनाअखेरीला काही बाजूला ठेवणाऱ्या घरासारखा त्याचा कारभार आहे.

वासाचीही एक गंमत मुलांना सांगण्याजोगी आहे. चाफ्याचा सुगंध दिवसापेक्षा संध्याकाळी आणि रात्री जास्त दरवळतो. तो असतो मोठ्या रातपतंगांसाठी. पतंग मधाच्या आशेने फुलाफुलाला सोंड लावत फिरतो आणि परागकण इकडचे तिकडे नेतो. मध मात्र फुलात मुळीच नसतो! अशी फसवणूक होत असल्यामुळे की काय, चाफ्याला शेंगा क्वचितच धरतात. धरल्या तर बैलाच्या शिंगांच्या जोडीसारख्या दोन-दोन लागतात.

विहारात कबरीचे झाड?

चाफा लावायचा म्हटल्यावर बैठकीत मोठाच वाद झाला. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "ते स्मशानातलं झाड. कबरीवरचं. विहारात आणू नका." दुसरे म्हणाले, "त्याला साप येतो." तिसऱ्यांनी शहरात ऐकलेल्या एका भाषणाचा हवाला देऊन उलटेच सांगितले, "तथागत याच चाफ्याखाली बसत. ग्रंथात लिहिलंय."

तिघांचाही आम्ही आदर करतो, पण तिन्ही गोष्टी तपासून पाहिल्या.

ग्रंथातला चंपक तो सोनचाफा. पिवळ्या, लांब पाकळ्यांचा, हिरव्यागार पानांचा मोठा वृक्ष. प्राचीन अंग देशाची राजधानी चंपा, म्हणजे आजच्या बिहारमधील भागलपूरजवळ, तिथल्या गग्गरा पुष्करिणीच्या काठी चंपकवृक्ष होते, अशी परंपरा अट्ठकथेत आहे. दीघनिकायातले सोणदंडसुत्त याच काठावर घडते. माणूस जन्माने श्रेष्ठ ठरतो की शील आणि प्रज्ञेने, हा त्यातला विषय. आपला पांढरा चाफा तेव्हा भारतात नव्हताच. तो आला अलीकडच्या पाच शतकांत. तेव्हा जे खरे नाही ते आपल्या बाजूचे असले तरी सांगू नये, असे आम्ही नम्रपणे म्हटले. परदेशातून आला म्हणून त्याला परकेही मानू नये. मिरची, बटाटा, पेरू, काजू हे सारे त्याच अमेरिका खंडातून आले आणि आता आमच्या ताटातून काढता येणार नाहीत.

सापाचे म्हणाल तर साप येतो उंदीर-बेडकासाठी आणि दडायला जागा मिळते म्हणून. झाडाखाली पालापाचोळा, विटा-लाकडांचा ढीग ठेवला नाही तर चाफ्याखालीही साप बसणार नाही.

राहिले कबरीचे. चाफा कबरस्तानात का लावतात? एक तर त्याची तोडलेली फांदीही मातीबाहेर राहून पाने-फुले देते, म्हणून त्याला न मरणारे झाड समजत. दुसरे कारण आमच्या कारकुनी डोक्याला जास्त पटते. कबरीपाशी रोज पाणी घालायला कोण जाणार? जिथे पाणी घालणारा नाही तिथे जगणारे झाड लोकांनी लावले. त्यात भूतबाधा कुठे आली?

ही भीती आपल्याकडेच आहे असेही नाही. मलेशियात या फुलाला कबरीचे फूल म्हणतात. थायलंडमध्ये त्याचे जुने नाव 'लान थोम'. ते दुःख या अर्थाच्या शब्दासारखे ऐकू येते म्हणून लोक घरापाशी लावत नसत. पुढे 'लीलावदी' असे गोड नाव रूढ झाले आणि आता तिथे घरोघरी, हॉटेलांपुढे तेच झाड दिसते. झाड तेच, वास तोच, नाव तेवढे बदलले! इकडे श्रीलंकेत मात्र त्याला अरलिया म्हणतात आणि बौद्ध विहारांच्या अंगणात ते इतके असते की त्याचे एक नावच 'विहाराचे फूल' या अर्थाचे आहे. तिथले उपासक-उपासिका ही फुले बुद्धमूर्तीपुढे वाहतात. लाओस या बौद्धबहुल देशाचे तर हे राष्ट्रीय फूल.

वाद मिटवला तो महिला मंडळाने. एक आत्याबाई उठून म्हणाल्या, "पाणी वाहणाऱ्या आम्ही. कोणतं झाड लावायचं ते आम्ही ठरवू. आणा चाफा." त्यापुढे कोणी बोलले नाही.

आमची पहिली फजिती

दर्ग्याची देखभाल करणाऱ्या चाचांना भेटलो. ते हसून म्हणाले, "हव्या तेवढ्या काठ्या न्या." आम्ही जुलैमध्ये, भर पावसात, चार फांद्या तोडल्या. पावसाळा म्हणजे लावणीचा हंगाम, ही आमची समजूत. चिकाने हात भरले होते. तशाच ओल्या फांद्या खड्ड्यात रोवल्या, शेणखत दाबून भरले आणि वरून पाणी घातले. पंधरा दिवसांत चारही काठ्या बुडाशी काळ्या आणि मऊ पडल्या. हात लावला की पिचकन पाणी येई.

म्हशाच्या नाक्यावर भाजी आणि रानमेवा विकणाऱ्या एका ठाकर मावशींना आम्ही ही कहाणी सांगितली. त्या म्हणाल्या, "दादा, ओल्या जखमेवर पाणी घातलं तर जखम सडणारच. काठी सुकू दे. तिला तहान लागू दे. तहान लागली की ती मूळ टाकील." पुढे पुस्तकांतून आणि रोपवाटिकांतून जे वाचले-ऐकले ते याहून निराळे नव्हते.

काठी कशी लावावी?

पुढच्या वर्षी मार्चअखेर पुन्हा चाचांकडे गेलो. या वेळी जे केले ते क्रमाने सांगतो.

फांदी घ्यावी ती राखाडी रंगाची, जून झालेली. हिरवी, कोवळी घेऊ नये, ती सुरकुतून जाते. लांबी दीड फुटाच्या आसपास. धारदार कोयत्याने एका घावात कापावी, ठेचू नये. पाने-फुले असतील तर काढून टाकावीत. पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, अंगावर पडल्यास साबणाने धुवावा, काहींना त्याने आग होते. लहान मुलांना हे काम देऊ नये.

कापलेल्या फांद्या सावलीत, हवेशीर जागी दहा ते पंधरा दिवस आडव्या ठेवाव्यात. ओटीवर, पडवीत, कुठेही. चीक वाळून टोकाला खपली धरते. फांदी थोडी सुरकुतली तरी घाबरू नये. हा धीर धरणे हाच या कामातला मुख्य भाग.

जागा निवडावी ती दिवसातून निदान सहा तास ऊन मिळणारी. सावलीत चाफा जगतो पण फुलत नाही. आमच्याकडे पाऊस भरपूर म्हणून खड्ड्यात लावू नये. उलट हातभर उंचीचा मातीचा उंचवटा करून त्यावर लावावे. एक भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत, असे मिश्रण पुरते. काठी तीन-चार इंचच खोल जाऊ द्यावी आणि शेजारी बांबूची कामटी रोवून सुतळीने बांधावी. काठी हलली तर कोवळी मुळे तुटतात. भिंतीपासून आठ-दहा फूट अंतर सोडावे, कारण झाड पसरते आणि त्याच्या फांद्या ठिसूळ असतात. पहिले काही दिवस पश्चिमेच्या उन्हाला जुन्या चटईचा आडोसा करावा.

पाणी? लावल्यावर एक तांब्या. नंतर आठ-दहा दिवसांनी एक तांब्या. पाने फुटेपर्यंत एवढेच. पाने फुटायला दीड-दोन महिने लागतात. रोज पाणी घालणारा प्रेमळ माणूस हाच चाफ्याचा पहिला शत्रू.

आम्ही दहा काठ्या लावल्या. पाऊस येईपर्यंत एका काठीला लागले सात तांबे. तांब्या लिटरचा धरला तर दहा काठ्यांचे सत्तर लिटर, म्हणजे अख्ख्या उन्हाळ्यात सहाच हंडे. दोनशे साठ कुठे आणि सहा कुठे! हा दुसरा कागदही आम्ही बैठकीत वाचला आणि या वेळी मात्र टाळ्या पडल्या. ते सहा हंडे आम्ही पुरुषांनी वाहिले. ते बैठकीत ठरले नव्हते, घरी ठरले होते.

दहापैकी आठ काठ्या जगल्या. शेळ्यांनी एक-दोनदा तोंड लावले आणि चिकामुळे सोडून दिले, त्यामुळे कुंपणाचा खर्चही वाचला. दुसऱ्या उन्हाळ्यात तीन झाडांना फुले आली. तिसऱ्या वर्षी सर्वांना.

कोणता चाफा घ्यावा?

टोकदार पानांचा, उन्हाळ्यात पानगळ होणारा तो नेहमीचा चाफा. त्यात पांढरा-पिवळा, गुलाबी, लाल असे रंग येतात. गोल टोकाच्या, चकचकीत पानांचा पांढरा चाफा जवळजवळ बारा महिने हिरवा राहतो. दोघांनाही वास चांगला असतो. हल्ली रोपवाटिकांत नागाच्या फणीसारख्या पानांचा एक चाफा मिळतो. फुले पांढरीशुभ्र, झुपकेदार, पण वास जवळजवळ नाहीच. तो शोभेला ठीक. सुगंधासाठी घेत असाल तर विचारून घ्या. खरे तर विकत घेण्याची गरजच नाही. ज्याचा वास तुम्हाला आवडला त्या झाडाची काठी मागून घ्यावी. काठीपासून आलेले झाड आईसारखेच फुलते. बियांपासून केलेले कसे निघेल सांगता येत नाही आणि त्याला फुलायला वर्षेही जास्त लागतात.

सोनचाफ्याचा मोह आम्हालाही होतो. पण त्याला चांगली माती आणि नियमित पाणी लागते, तो आमच्या मुरमावर उन्हाळा काढत नाही. बकुळ चिवट आहे आणि सावलीही दाट देते, मात्र पहिली दोन-तीन वर्षे तिला पाणी देऊन सांभाळावे लागते. पारिजातक लवकर फुलतो, पण त्याचा बहर पावसाळा सरताना, वैशाखात नाही.

पुढची देखभाल

पावसाळ्याच्या शेवटी पानांच्या मागे नारिंगी पूड दिसते. हा तांबेरा रोग. त्याने पाने लवकर गळतात, झाड मरत नाही. गळलेली पाने गोळा करून लांब खड्ड्यात पुरावीत म्हणजे पुढच्या वर्षी त्रास कमी होतो. कापसासारखी पांढरी किडे दिसली तर ते पिठ्या ढेकूण. साबणाचे पाणी किंवा निंबोळी तेल पाण्यात मिसळून फवारावे. बुंधा मऊ पडला तर वरची निरोगी फांदी, आत पांढरा गर दिसेपर्यंत कापून, वाळवून पुन्हा लावावी. एक झाड गेले तरी त्याची काठी वाचते.

फुले येतात फांदीच्या टोकांना. म्हणून जितकी टोके तितके गुच्छ. टोक कापले की खाली दोन-तीन फांद्या फुटतात. दर दोन वर्षांनी थोडी छाटणी केली की झाड डेरेदार होते आणि वाटायला काठ्याही मिळतात. मुलांना झाडावर चढू देऊ नये, फांदी अचानक मोडते. फुले तोडायचीही गरज नाही. सकाळी झाडाखाली ताजी फुले पडलेली असतात. परातीत पाणी घेऊन त्यात तरंगत ठेवली की दिवसभर टिकतात.

ज्यांच्याकडे अंगण नाही, जे कल्याण-उल्हासनगरच्या चाळीत किंवा मुंबईच्या वस्तीत राहतात, त्यांनीही नाराज होऊ नये. रंगाचा पंधरा-वीस लिटरचा रिकामा डबा घ्यावा, बुडाला पाच-सहा भोके पाडावीत, खाली विटांचे तुकडे आणि वर तीच माती भरावी. गॅलरीत ऊन येत असेल तर डब्यातही चाफा फुलतो. कामावर जाणाऱ्या नवरा-बायकोने आठवडाभर पाणी घालायला विसरले तरी तो रागावत नाही.

14 एप्रिलची काठी

आता मुद्द्याचे. आपल्याकडे भीमजयंतीला वृक्षारोपण करण्याची चांगली पद्धत पडली आहे. पण एप्रिलच्या मध्यात लावलेले नाजूक रोप बिनपाण्याच्या गावात जूनपर्यंत पोचत नाही. जयंतीचे फोटो उरतात, खड्डे उरतात आणि मधल्या काळात कोणाची तरी कंबर मोडते. चाफ्याच्या काठीला मात्र नेमका हाच हंगाम मानवतो. 1 एप्रिलला कापलेली काठी 14 तारखेपर्यंत वाळून तयार होते. त्या दिवशी लावली की पाऊस येईपर्यंत मूळ धरते. आणि दोन-तीन वर्षांनी बुद्धपौर्णिमेला, विहिरी तळाला गेलेल्या असताना, तीच काठी फुलांचा गुच्छ पुढे करते.

गेली काही वर्षे आमच्या विहारात बुद्धपौर्णिमेला बाहेरून फूल येत नाही. पहाटे मुले परडी घेऊन झाडाखाली जातात आणि वेचून आणतात. वर्गणीतले वाचलेले पैसे वह्यांसाठी ठेवले जातात. आत्याबाई आता थकल्या आहेत. संध्याकाळी त्या चाफ्याच्या बाजूच्या ओट्यावर येऊन बसतात आणि आल्या-गेल्याला सांगतात, "हे झाड आम्ही लावलं." त्यांनी एकही काठी रोवलेली नाही, पण त्यांचे म्हणणे खरे आहे.

झाड कोणतेही लावा, आधी पाण्याचा हिशेब मांडा आणि ते पाणी कोणाच्या डोक्यावरून येणार हे त्या बाईला विचारा. तिने हो म्हटले तर लावा. नाहीतर चाफा आहेच.

येत्या मार्चअखेर आमच्या झाडांची छाटणी होईल. आसपासच्या वस्त्यांतील ज्यांना काठी हवी असेल त्यांनी विहारात यावे. पैसे आणू नयेत. येताना वर्तमानपत्राचा कागद तेवढा आणावा, एस.टी.त शेजाऱ्याच्या कपड्यांना चीक लागतो.